सपाट डोंगर

“आता दिसला का डोंगर?” वाल्मीकने पुन्हा विचारलं.

“छे! सपाट आहे,” दोन भिंगांच्या चौकटीवर वाकलेली त्याची आई, सिंधुबाई, म्हणाली. “भाकरीसारखा.”

वाल्मीकचं तोंड एवढंसं झालं. डेहराडूनच्या हापिसात साहेब त्याची पाठ थोपटायचे, पण त्याला हवी होती ती आईची शाबासकी. आणि आई पंचवटीच्या बाजारात भाजी विकता विकता गिऱ्हाइकांना सांगायची, “आमचा वाल्मीक हिमालयातला बर्फ मोजतो. तोही खुर्चीत बसून!” म्हणून तर तीन वर्षांनी घरी येताना त्याने हे फोटो आणले होते. उपग्रहाने आकाशातून एकाच हिमनदीचे दोन बाजूंनी काढलेले. अठ्ठ्याऐंशी सालात हे मोठं नवल होतं. भिंगांतून बघितलं की दोन फोटोंचा एक होतो आणि कागदातून डोंगर उठून उभा राहतो. मग उंची मोजायची आणि बर्फ किती खचला ते काढायचं.

शेजारच्या लंकाबाईने डोळे लावले आणि ती किंचाळलीच. “अगं बाई! नाकाला टोचंल की हा! सिंधुबाई, तुम्हालाच कसा दिसंना?”

“दिसतोय तिला, मावशी. मुद्दाम करतेय,” वाल्मीक म्हणाला. “सकाळपासून हेच चाललंय. दारात भाकरतुकडा ओवाळला आणि तांब्यातलं पाणी ओतलं माझ्या बुटांवर. चहा ओतला, तो कपाच्या बाहेर. तीन वर्षं आलो नाही ना, त्याची शिक्षा!”

“एवढाले बूट घालायचेच कशाला मग?” सिंधुबाईने ठणकावलं.

लंकाबाईचं लक्ष फोटोतच होतं. “एकदा मोजला की झालं ना रे?”

“कुठलं झालं! बर्फ गुपचूप खचतो, मावशी. फरक कळायचा तर दरसाल बघावं लागतं.”

लंकाबाईला आता चेव आला. दुर्बिणीतून बघावं तसा तिने एक डोळा गच्च मिटला आणि पुन्हा वाकली. “गेला! गेला की रे डोंगर! पार सपाट झाला!”

वाल्मीक खो खो हसला. “अहो मावशी, दोन्ही डोळे लागतात त्याला. एका डोळ्याने सगळं सपा...”

त्याचं हसू तिथेच थांबलं. दाराशी त्याचे बूट अजून ओलेच होते. तो उठला, आईच्या उजव्या डोळ्यावर त्याने हलकेच तळहात ठेवला आणि दुसरा हात तिच्यासमोर धरला.

“आई, बोटं किती?”

सिंधुबाईने चाचपडत त्याचं मनगट शोधलं आणि तळहात बाजूला केला.

“कधीपासून गं?”

“ते मी कसं सांगू?” ती म्हणाली, आणि हसलीच. “फरक कळायला दरसाल बघावं लागतं, असं तूच म्हणालास ना मघाशी?”