बिनचुलीचा केक

मनुबाईने मारी बिस्किटांचा तिसरा पुडा फोडला आणि वरवंटा हातात घेतला.

“आत्या, मिक्सर हाय की,” सून रेश्मा म्हणाली.

“असंल. माझ्या हातात अजून जोर हाय.”

पाहुणे चारला येणार होते. फलटणचं घर, फौजेतलं. चार दिवसांमागं जेवता जेवता मनुबाईने एवढंच सांगितलं, “रविवारी बघायला येत्यात,” आणि पुढं कुणाला तोंड उघडू दिलं नाही. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली होती. इस्लामपूरच्या त्या घरात तेव्हापासून तिचाच शब्द चाले. लेक इंद्रजित मुकाट्याने सोफ्याची नवी कव्हरं घेऊन आला. नात शिवांजली मात्र फुगून बसली. तिला पोलीस भरतीला उतरायचं होतं.

“आज्जे, सांगून ठेवते, मी लगीन करणार न्हाई.”

“तुला कोण इचारतंय? चक्का आण फ्रिजातला. आन् पातेल्यात बोट घालू नगंस.”

उन्हात पातळ केलेलं लोणी तिने भुग्यात कालवलं आणि काचेच्या भांड्याच्या तळाशी वाटीने दाबून दाबून बसवलं.

रेश्माला राहवेना. “आवं, कांदंपोहं काय वाईट हुतं? शेजारची अंबूबाई इचारत हुती, ह्ये खूळ कुठनं आलं म्हणून.”

“पोहं एकदा करून बघितलं. जलमभर चुलीम्होरं बसायला लागलं. ह्या खेपंला चूल पेटवायचीच न्हाई. आन् अंबीला म्हणावं, भांडं धाडून देते, चाटून बघ.”

चक्क्यात साय, पिठीसाखर, लिंबाचा रस. मनुबाई दंड भरून येईतो घोटत राहिली. गुठळी राहिली, केक बसला नाही, तर पाहुण्यांपुढं शोभा व्हायची. हे स्थळ हातचं जाऊ द्यायचं नव्हतं. एकदा चारचौघांत सुपारी फुटली की मोडायची कुणाची टाप नव्हती, पोटच्या लेकाचीसुद्धा.

सकाळी दहाला भांडं फ्रिजात गेलं. “कुणी दार उघडलं तर बघा,” तिने दम भरला.

तीनला तिने भांडं काढलं. सुरी घातली. केक उभा राहिला. वर वाईकडच्या स्ट्रॉबेऱ्या ती एकेक करून मांडू लागली.

“स्ट्रॉबेरी तरी शिवांजलीला लावू द्या,” रेश्मा म्हणाली. “पाहुणं इचारणारच, केलं कुणी. पोरीनं केलं म्हणता यील. समदी तसंच सांगत्यात.”

“समदी सांगत्यात म्हणून फसगत हुती. जिनं केलं तिचंच नाव सांगायचं.”

चारला गाडी लागली. पांढऱ्या मिशांचे, ताठ पाठीचे सुभेदार लालासाहेब उतरले. मागं त्यांचा नातू जयराज, नुकताच फौजेत लागलेला. रेश्माने नवऱ्याला कोपर मारलं. पोरगा देखणा होता.

पाहुण्यांसमोर मांडलेल्या खुर्चीवर शिवांजली हिरव्या साडीत बसली होती, दात ओठ खात.

मनुबाईने बश्या दिल्या. लालासाहेबांनी चमचा तोंडात घातला आणि क्षणभर डोळे मिटले.

“आमची आजी गेल्यापास्नं घरात गोड कुणी करत न्हाई,” जयराज म्हणाला.

“लय झ्याक,” लालासाहेब म्हणाले. “केलं कुणी?”

रेश्माने तोंड उघडलं. मनुबाईने तिच्याकडं नुसतं बघितलं.

“मी केलं.”

“आईनं नुसतं हलवलं असंल,” इंद्रजित घाईघाईने म्हणाला. “आमच्या शिवांजलीला समदं येतं. इचारा की पोरीला, काय इचारायचं ते.”

जयराज गालात हसला. लालासाहेबांनी बशी खाली ठेवली आणि मिशीवरून हात फिरवला.

मनुबाई खुर्चीपाशी आली.

“ऊठ गं पोरी. ती जागा माझी हाय.”

शिवांजली उठली. मनुबाई बसली, पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला आणि मान वर करून म्हणाली,

“हां, सुभेदार. इचारा आता.”