तिसरी बाजू

पवनेच्या पाण्यावरून निघालेले सकाळचे ऊन तिकोणा गडाच्या पायथ्याशी रेंगाळत आले आणि चुन्याच्या पांढऱ्या रेघांवर विसावले. घराचा पाया उमेशने प्रथमच एकट्याने आखला होता. आज जमले, तर पुढची कामे त्याची, असा वडिलांचा, मारुती मिस्त्रींचा, शब्द होता. जेसीबी धडधडत आला. “तीस बाय चाळीस. तिरपं माप किती भरलं?” वडिलांनी विचारले. “पन्नास, आबा. बरोब्बर.” “मला कोपरा उघडा दिसतोय रं.” “चष्मा बदला की!” उमेश हसला आणि हातातली वही खिशात सारली. आबांनी टेपचे टोक त्याच्या हाती दिले आणि तिरप्या समोरच्या कोपऱ्यातली खुंटी गाठली. जेसीबीचे दात पहिल्या रेघेवर टेकले. “थांबव गाडी!” आबा ओरडले. “एक्कावन्न. मोजलंस न्हवं?” उमेशचा हात खिशातल्या वहीकडे गेला. कोपरा काटकोनी धरून पन्नास त्याने वहीत काढले होते. जमिनीवर तिरपे माप घेतलेच नव्हते.