टाळीनंतरचं

"श्रोत्यांना कुमुदिनीचाच आवाज हवाय," असं बोलक्या पुस्तकांच्या मंडळानं कळवलं आणि विदुलाबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. दोघी वर्षानुवर्षं जुन्या कादंबऱ्या हौसेनं, फुकट वाचून रेकॉर्ड करायच्या. आता कुमुदिनी वारली, तरी यंत्र तिच्या चुकांसकट ठेवलेल्या, न कापलेल्या रेकॉर्डिंगवरून शिकून तिच्याच आवाजात वाचत होतं. विदुलाबाईंच्या वाट्याला उरलं ते चुका कापणं.

आज कादंबरीतली आई शेवटच्या घटका मोजू लागली आणि यंत्रानं मध्येच टाळी वाजवली. वाचताना चुकलं की कुमुदिनी अशीच टाळी वाजवायची, कापणाऱ्याला खूण म्हणून; टाळीनंतर ती जे बोलायची ते कापलंच जायचं.

"चुकली एकदाची!" विदुलाबाई खूश झाल्या.

"हे विदुलाला द्या हो," कुमुदिनीचा आवाज म्हणाला. "रडवावं तर तिनंच. मेला जळफळाट होतो नुसता माझा!"

विदुलाबाईंनी कापायला हात उचलला, आणि तेवढंच पुन्हा लावलं.