मीठपाण्यातले किडे

एर्मेकने चिमट्यात धरलेला किडा खिडकीच्या उजेडात नेला. बोटभर लांब, गुलाबी, दोन्ही कडांना पांढऱ्या केसांची झालर. चिमट्यात तो घोणीसारखा वळवळत होता.

"हात लावलास?"

आसेमने तर्जनी पुढे केली. टोक लाल होऊन सुजलं होतं.

"शाब्बास. आता दोन दिवस काचेची कुसं गेल्यासारखं टोचत राहील. चिकटपट्टी लाव आणि ओढून काढ. तुझ्या वडिलांनीही पहिल्याच दिवशी हाच उद्योग केला होता. ही माशांची टाकी बसवून दिली तेव्हा मी घसा फोडून सांगितलं, तोलेगेन, खाणीतला हात इथे नको... बरं, किती दिसतात असे?"

"मंगळवारी दोन दिसले. आज मोजता येईनात. सकाळी मासा मरून तळाला पडला होता, त्याच्यावर नुसता गोळा झाला होता यांचा. आगा, यांनीच मारलं ना त्याला?"

"छे. हे कुणाला मारत नाहीत. मासा आधी मेला, मग हे आले. मेलेलं, कुजलेलं, उरलंसुरलं, तेवढंच खातात. दगडांच्या भोकांत राहतात. टाकीतले दगड मीच विकले, तेव्हाही असतील त्यात चार-दोन. झाडूवाले आहेत बिचारे. मातीतले किडेसुद्धा..."

पुढचं त्याने गिळलं. तोलेगेनला मातीत ठेवून चार आठवडे झाले होते, आणि कबरीत उतरून ठेवणाऱ्यांत एर्मेक होता.

आसेम टाकीकडे बघत राहिली. वडिलांचे पाच मासे होते. आता एक उरला होता, नारिंगी, पांढऱ्या पट्ट्यांचा. वरच्या कोपऱ्यात तो तोंडाची उघडमीट करत होता. आई हल्ली माणसांशी बोलायची नाही. सकाळचा चहा टाकीसमोर बसून प्यायची आणि त्या माशाशी बोलायची. एवढा एक तरी वडिलांच्या चाळीसाव्या दिवसाच्या जेवणापर्यंत जगू दे, असं आसेमला वाटत होतं. त्यापुढचं काही मागण्याची तिची हिंमत नव्हती.

"मग एकदम इतके कशाने झाले?"

"खायला मिळालं म्हणून. तू किती घालतेस?"

"चिमूटभर. कोके घालायचे तेवढंच. चमच्यावर त्यांनी खूण करून ठेवली आहे." वडिलांना ती कोके म्हणायची.

एर्मेकने मान तिरकी करून पाण्याकडे बघितलं. पाण्यावर तवंग होता. त्याने बोट बुडवून अंगठ्यावर चोळलं. मग चिमटा मागच्या दगडाआड खुपसला आणि एक फिकट, फुगलेला लगदा बाहेर काढला. नाकाशी धरला.

दोघांनी एकदमच स्वयंपाकघराकडे पाहिलं. आत तेल चरचरत होतं. शुक्रवार होता. आई वडिलांच्या नावाने सात शेल्पेक, तेलातल्या पातळ पोळ्या, तळत होती. तळणाचा वास पोचला की गेलेल्याचं पोट भरतं, अशी समजूत होती.

"सांग तिला," एर्मेक आवाज खाली आणून म्हणाला. "तेलाने पाण्याचा श्वास कोंडतो. आज अजून एक शेल्पेक पाण्यात पडलं, तर हा रविवार बघत नाही. वरचं खाणं बंद केलं की किडे आपोआप कमी होतील. औषध नको, काही नको."

"तुम्ही सांगा ना, आगा. तुमचं ऐकेल ती."

"मी मासे विकतो, पोरी."

आई ताट घेऊन बाहेर आली. वाफाळती पातळ भाकरीएवढी शेल्पेक एकावर एक रचलेली होती. तिने आधी टाकीत डोकावलं.

"बघितलेस ना किडे? कसे उपाशीपोटी बाहेर आलेत बघ. आधीचे शुक्रवार मी अर्धंच टाकत होते. माझंच चुकलं. तेवढ्याने काय होतं कुणाचं! मागच्या वेळेपासून एक अख्खं टाकते."

"वहिनी, ते किडे म्हणजे..."

"आधी खा. महिन्याने तोंड दाखवतोस आणि वर घाई. न खाता दार ओलांडलंस तर बघ."

एर्मेकने चिमटा खिशात टाकला. हात पँटला पुसले, वरच्या शेल्पेकचा तुकडा तोडला, चावला, गिळला. मग दोन्ही तळवे चेहऱ्यावरून फिरवले.

"पोचू दे त्याला," तो म्हणाला. सगळेच म्हणतात तसं. आसेमकडे त्याने बघितलं नाही.

"अपा," आसेमने आईकडे वळून तोंड उघडलं, "जरा ऐक ना, हे पाण्यात..."

"पोचतंय," आई म्हणाली. चार आठवड्यांत पहिल्यांदाच तिचा चेहरा सैल पडला होता. "गेल्या शुक्रवारी टाकलं, शनिवारी उठून बघते तर कण नाही. जिवंतपणी किती नखरे होते, मधलं तेवढं खायचे आणि कडा ताटात ठेवायचे. आता कडासुद्धा संपवतात."

एर्मेक बूट घालायला वाकला. बराच वेळ तो बंदच बांधत राहिला.

आईने एक शेल्पेक उचलून त्याचे चार तुकडे केले. तेल तिच्या मनगटापर्यंत ओघळलं.

"माझे हात भरलेत. पोरी, शिंगरू माझं ते, झाकण तेवढं उचल."

आसेमने दोन्ही हातांनी झाकण उचललं. सावली पडताच मासा कोपऱ्यातून निघून तिच्याकडे आला.