थोरले उतरताहेत

शब्द ओठांवर आला तसे बुरुलने दात आवळले. हातातल्या रेडिओचं बटण मात्र काही क्षण दाबलेलंच राहिलं, मग सुटलं.

"बोल की गं," पलीकडून तालाय म्हणाला. "नुसता श्वास ऐकू येतोय. चूल फुंकतेस का?"

तालाय तिचा नवरा. उतारावरचा बर्फ दाबायचं यंत्र घेऊन तो वरच्या घळीच्या तोंडाशी थांबला होता. घळीत शिरायचं की माघारी फिरायचं, हे बुरुलने सांगायचं होतं. धुकं इतकं दाट, की त्याला आपल्या यंत्राचं नाकही दिसत नव्हतं.

वेधशाळेतल्या एर्मेकचा फोन आत्ताच येऊन गेला होता. मोजणीच्या वरच्या खांबाशी रात्रीत कमरेएवढा बर्फ वाढलाय, तो म्हणाला, पण आभाळातून पडला तो थोडाच. बाकीचा वाऱ्याने पलीकडच्या उतारावरून उचलून घळीत आणून भरलाय. खाली जुना, काचेसारखा गोठलेला थर आणि त्याच्यावर हा. त्यात आता उबदार वारा सुटलाय. आत पाय ठेवला की सुटेल.

बर्फावर घसरायला येणाऱ्या पाहुण्यांसाठीच्या फळ्यावर याचं 'भरपूर ताजा बर्फ' करायचं, हे बुरुल शिकली होती. रेडिओवर मात्र एकच शब्द पुरायचा, तो ऐकला की यंत्रवाला माघारी फिरायचा. कोचकू. म्हणजे हिमलोट.

आणि नेमकं तेच तिच्या सासऱ्यांचं नाव. हिमलोट कोसळला त्या हिवाळ्यात जन्मले म्हणून कोचकूबाय. घरातले त्यांना आके म्हणत, बरोबरीचे म्हातारे नुसतं कोचकू. सुनेने सासऱ्याचं नाव घ्यायचं नाही, त्या नावाचा शब्ददेखील उच्चारायचा नाही. मागे एकदा टीव्हीवरची बातमी सांगताना तो बुरुलच्या तोंडून निसटला होता. तेव्हा तिच्या सासूने, बात्मा-आपाने, हिवाळा सरेपर्यंत सुनेच्या हातचा चहा तिच्यादेखत अंगणात ओतला. भावकीतल्या एकेका उंबऱ्यावर तिला वाकवून माफी मागायला लावली ती वेगळीच.

हिमलोटाला रशियन शब्द होता, पण उताराच्या मालकाने तो बंद केला होता. पाहुण्यांच्या कानावर पडला की ते बॅगा भरतात. रेडिओवर बोलायचं ते आपल्या बोलीत.

बात्मा-आपा पाठीमागेच बसली होती. लिफ्टखालच्या या खोलीत चहाचा समोवार तिचा आणि रेडिओ सुनेचा. बुरुलचे सगळे दीर उतारावर कामाला होते आणि प्रत्येकाच्या छातीवर एकेक रेडिओ लटकत होता.

"म्हण ना," बात्मा-आपा म्हणाली. "सगळे दीर कान लावून बसलेत. होऊ दे शोभा."

बुरुलने पुन्हा बटण दाबलं. "वरच्या घळीत... थोरला उतरायच्या बेतात आहे."

"थोरला?" म्हातारी कडाडली. "तुझ्याबरोबर मेंढ्या राखायला होते का ते? त्यांच्या नावाच्या जागी शब्द ठेवतेस, तर मान देऊन ठेव. थोरले म्हण."

"कोण थोरला?" तालाय विचारत होता. "अगं, नीट सांग."

बुरुलने डोळे मिटले. "थोरले. वरच्या घळीत थोरले उतरायच्या बेतात आहेत."

रेडिओ खरखरला. मग तालायचा आवाज आला आणि तो बदललेला होता.

"आके? घळीत? सकाळी गुडघा धरून बसले होते की! आज वर जायचं नाही म्हणाले होते. पण ऐकतील तर शपथ. बर्फात काठी खुपसून बघितल्याशिवाय घास उतरत नाही त्यांना."

यंत्राची घरघर वाढली.

"थांबा म्हणावं तिथंच. मी आत जाऊन घेऊन येतो."

बुरुल बटण दाबत राहिली, पण तो बोलत होता तोवर तिचं काही पलीकडे पोचत नव्हतं. बात्मा-आपा समोवारची राख झटकत होती. तालाय बोलायचा थांबला, आणि बुरुलने डोक्यावरचा सुनेचा पांढरा रुमाल ओढून फेकला, भिंतीकडे तोंड केलं आणि जिवाच्या आकांताने ओरडली.

"कोचकू! तालाय, कोचकू! घळीत कोचकू!"

उतारावरचे सगळे रेडिओ गप्प झाले. सून सासऱ्याचं नाव घेऊन ओरडते, असं त्या खोऱ्यात कुणी ऐकलं नव्हतं.

"ऐकलं गं, ऐकलं," तालाय धापा टाकत म्हणाला. "तुझ्यावर त्यांचं नाव घ्यायची पाळी आली, म्हणजे आके मरणाच्या दारात आहेत. शिरलो बघ आत."

आधी खिडकीच्या काचा थरथरल्या. मग आवाज आला, बराच वेळ चाललेला, रिकामी पिंपं गडगडत गेल्यासारखा. मग रेडिओत खरखरही उरली नाही.

मागच्या खोलीचं दार उघडलं. गुडघ्याला लोकरीचा पट्टा बांधलेले कोचकूबाय भिंत धरत बाहेर आले, डोळ्यांत अजून झोप.

"माझ्या नावाने कोण ओरडलं?"

बात्मा-आपाने खिडकीकडे मान वळवली नाही. तिने सुनेकडे बोट केलं.

"ही," ती म्हणाली. "तालाय खाली येऊ दे. त्याच्यासमोरच विचारते हिला."