शेवटचा हात

राजापेठेत चित्रकलेचा वर्ग चालवणाऱ्या फिलिपिनो क्रिसांतोसरांचा एक नियम होता: चित्रावर शेवटचा हात फिरवील, त्यानंच सही करायची. बोंडअळीनं कपाशी फस्त केली तेव्हा त्यांनी चौकटीवर ताणलेल्या बियाण्याच्या पोत्यावर अळी रंगवून तिला बोगस बियाणं विकणाऱ्या दुकानदाराचा चेहरा दिला. भरदुपारी तो विळा घेऊन वर्गात घुसला. “मले अळी बनवतं काय बे?” सर आडवे आले, वार त्यांच्या दंडावर बसला. त्यांचा रक्ताळला दंड धरून त्यांना ढकलून, मग त्याच हातानं चौकट धरून त्यानं पोतं टराटरा फाडलं. “पोलिसाईले बलावते, सर!” विद्यार्थिनी आबेदा किंचाळली. “थांब.” रक्ताळल्या हातानं सरांनी दुकानदारापुढं ब्रश धरला. “चित्र तुनं पुरं केलं. सही कर.” “तुया बापाची घे!” थुंकून तो निघाला. आबेदानं चौकट उचलली. कोऱ्या कडेवर पाच लाल बोटं उमटली होती. “सर, सही तं करून गेला थो.”