कडुनिंबावरची मीटिंग

वामनराव कुऱ्हाड घेऊन येताना दिसले, तसा पर्यावरण युवा मंडळाचा धम्मदीप मोबाइल कानाला लावून त्यांच्याच कडुनिंबावर सरसर चढला.

“उतर खाली बे! झाड तोडाचं हाये.”

“थांबा ना काका, जर्मनीवाल्यायची मीटिंग सुरू हाये. रेंज इथंच येते.”

“काय म्हणून राह्यले ते?”

“त्यायचे वीस पोरं-पोरी आपल्या सोनाळ्याले येऊन राह्यले. एवढा जुना निंब ज्यानं जपला, त्याचा सत्कार कराचा म्हणते.”

वामनरावांनी कुऱ्हाड हळूच पाठीमागं नेली. “सांग त्यायले, लेकरावानी जपला म्हणा. अन् पंगत आपल्याच घरी!”

धम्मदीपचा जीव भांड्यात पडला. आता जर्मनीत कोणाशी तरी ओळख काढायची, तेवढी बाकी होती.